पीव्हीसी पाईपलाईनचे जोड : आखणी, जोडणी आणि तपासणी

विहिरीवरून किंवा शेततळ्यावरून पाणी नेण्यासाठी पीव्हीसी पाईपलाईन आता गावोगावी झाली आहे. पाईप घेताना आपण चार दुकाने फिरतो, किती किलोचा आहे ते विचारतो, आयएसआय मार्क पाहतो. मात्र पाईपलाईन जमिनीत गेल्यावर तिचे आयुष्य पाईपपेक्षा जोडांवर जास्त अवलंबून असते. पाईप सहा मीटरचा धरला तर हजार फुटांच्या लाईनमध्ये पन्नासएक जोड येतात. त्यातला एक सुटला तरी मोटर बंद करून चर उकरावा लागतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पदव्युत्तर शिक्षण चालू असताना उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो, तेव्हा वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून नवी पाईपलाईन टाकायला घेतली होती. ३४० मीटर लांबी, ९० मि.मी. चा पाईप. मजुरी वाढू नये म्हणून सगळे जोड एका दिवसात करायचे ठरले आणि सोल्युशन लावण्याचे काम माझ्याकडे आले. भर दुपारी तापलेल्या पाईपवर मी ब्रश फिरवत गेलो. संध्याकाळी सहाला मोटर चालू केली. रात्रीच दोन जोड सुटले, पुढच्या पंधरा दिवसांत आणखी पाच. उन्हाळी भुईमूग दाणे भरण्याच्या अवस्थेत होता, नेमके तेव्हाच पाणी तुटले आणि निम्म्या शेंगा पोचट राहिल्या. वडील रागावले नाहीत. सुटलेला जोड हातात घेऊन एवढेच म्हणाले, "पाईप तर चांगला होता रे."

पाईप खरोखरच चांगला होता. चुका सगळ्या जोडणीच्या होत्या. त्या कोणत्या, हे समजण्यासाठी सोल्युशन नेमके काय करते ते आधी पाहू.

सोल्युशन चिकटवत नाही, वितळवते

दुकानात सोल्युशन आणि काही गावांत सुलोचन म्हणून मागितला जाणारा हा पदार्थ म्हणजे सॉल्व्हंट सिमेंट. टेट्राहायड्रोफ्युरान, मिथिल इथिल कीटोन, सायक्लोहेक्झानोन यांसारख्या द्रावकांत पीव्हीसीची भुकटी विरघळवून ते तयार करतात. पाईपवर लावले की द्रावक पाईपचा वरचा पातळ थर मऊ करतो. सॉकेटच्या आतला थरही तसाच मऊ होतो. दोन मऊ थर एकमेकांवर दाबले गेले की त्यांचे रेणू एकमेकांत मिसळतात. द्रावक उडून गेला की दोन्ही मिळून एकच प्लॅस्टिक उरते. म्हणजे हा प्रकार डिंकापेक्षा वेल्डिंगच्या जवळचा आहे.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना घट्ट भिडले पाहिजेत. ढिल्या सॉकेटमधली पोकळी सोल्युशन भरून काढू शकत नाही, कारण सुकताना ते आकसते. दोन, मध्ये धूळ, तेल किंवा पाणी असेल तर मिसळण्याची क्रिया तेथे होत नाही. तीन, द्रावक उडायला वेळ लागतो आणि दोन थरांत अडकलेला द्रावक तर फारच सावकाश उडतो. वरून हात लावून कोरडा लागणारा जोड आतून ओला असू शकतो.

जोडाला किती ताकद लागते?

थोडे गणित करू. ९० मि.मी. बाहेरच्या व्यासाच्या पाईपचा छेद साधारण ६३.६ चौ.सें.मी. भरतो. लाईनमध्ये ६ किलोचा, म्हणजे दर चौ.सें.मी. ला ६ किलोचा दाब असेल, तर शेवटच्या टोपीवर (एन्ड कॅपवर) सुमारे ३८० किलोचा रेटा येतो. पाच-सहा माणसांचे वजन त्या एका टोपीला टांगल्यासारखेच झाले.

हा रेटा सोसतो तो सॉकेटमधला चिकटलेला भाग. सॉकेटची किमान खोली ठरवण्याचा नियम सोपा आहे: व्यासाचा निम्मा आणि वर ६ मि.मी. ९० मि.मी. ला ती ५१ मि.मी. येते, ६३ ला ३७.५, ७५ ला ४३.५, ११० ला ६१. ९० मि.मी. पाईपचा घेर २८.३ सें.मी. आणि खोली ५.१ सें.मी. धरली तर चिकटलेले क्षेत्र सुमारे १४४ चौ.सें.मी. होते. ३८० किलोला १४४ ने भागले तर दर चौ.सें.मी. ला २.६ किलो एवढाच भार येतो.

आता सोल्युशनची ताकद पाहा. आपल्याकडे त्यासाठी आयएस १४१८२ हे मानक आहे. अमेरिकेच्या एएसटीएम डी २५६४ या मानकाप्रमाणे पीव्हीसीचे दोन तुकडे एकावर एक चिकटवून ओढले असता दोन तासांनी दर चौ.सें.मी. ला सुमारे १७.५ किलो, १६ तासांनी ३५ किलो आणि ७२ तासांनी ६३ किलो एवढी तरी ताकद यावी लागते. आपल्याला लागतात २.६ किलो. मग जोड सुटतात का?

याची कारणे दोन. पहिले असे की प्रयोगशाळेतला तुकडा स्वच्छ असतो, नीट भिडलेला असतो आणि सोल्युशन सगळीकडे सारखे लागलेले असते. शेतातल्या जोडात निम्म्या भागाला सोल्युशन पोचलेलेच नसते. शिवाय ताकद आणि गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडाचा एक तृतीयांश भाग चिकटला तरी तो ओढ सोसेल. पण सॉकेटच्या तोंडापासून तळापर्यंत बोटभर रुंदीची एक पट्टी कोरडी राहिली की पाण्याला तेवढी वाट पुरते.

दुसरे कारण ताणाच्या दिशेचे. सायकलच्या ट्यूबला लावलेले ठिगळ पृष्ठभागाला धरून सरळ ओढा, ते निघत नाही. तेच एका कडेला नख घालून उचला, सहज सोलून निघते. चिकटलेला कोणताही जोड सरकत्या ओढीला बळकट आणि सोलणाऱ्या ओढीला दुबळा असतो. ओढ सरळ असली तरी भार सगळ्या लांबीवर सारखा पसरत नाही. तो जोडाच्या दोन्ही टोकांशी जास्त आणि मध्ये कमी असतो. त्यात पाईप वाकला की सगळा भार एका कडेवर येतो. पाईपखाली दगड राहिला, एका बाजूची माती बसली, काळ्या जमिनीत उन्हाळी भेगा पडल्या की हेच होते. २.६ किलोच्या गणितात हा वाक धरलेलाच नाही. त्यामुळे जोड वाकू न देणे हा आखणीचा पहिला नियम समजावा. चराचा तळ सपाट करावा. खडकाळ किंवा मुरमाड चरात तळाला दहा सें.मी. चाळलेली माती किंवा वाळू पसरावी. जोडाखाली पोकळी राहू देऊ नये. ज्या रस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉली जाते तेथे पाईपवर निदान ९० सें.मी. माती हवी.

एल्बो, झटका आणि ऊन

सरळ लाईनमधल्या जोडावर रेटा कमी असतो, कारण दोन्ही बाजूंची माती पाईपला धरून ठेवते. खरी ओढ एल्बो, टी आणि टोपीवर येते. काटकोनी एल्बोवरचा रेटा सरळ रेट्याच्या १.४ पट, म्हणजे वरच्या उदाहरणात ५४० किलोच्या आसपास असतो आणि तो एल्बोला वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलतो. तेथे एल्बो आणि चराची न हललेली, घट्ट बाजू यांच्यामध्ये काँक्रीटचा ठोकळा भरावा. नुसती उकरलेली माती लोटून भागत नाही. आमच्या लाईनमध्ये पहिल्या रात्री सुटलेले दोन्ही जोड एल्बोचे होते.

झटक्याचा विचार तर फार थोडे लोक करतात. ९० मि.मी. पाईपमधून सेकंदाला आठेक लिटर पाणी जात असेल तर त्याचा वेग सेकंदाला दीड मीटर असतो. व्हॉल्व्ह एकदम बंद केला की वाहते पाणी जागीच अडते आणि दाबाची लाट पाईपमधून मागे धावते. पीव्हीसीमध्ये या लाटेचा वेग सेकंदाला साधारण ३०० मीटर धरला तर जादा दाब ४५ मीटर पाण्याचा, म्हणजे साडेचार किलोचा होतो. समजा, तुमचे शेत विहिरीतील पाण्यापेक्षा २२ मीटर उंच आहे आणि घर्षणात ८ मीटर जातात. म्हणजे मोटरजवळ तीन किलो दाब झाला. "चार किलोचा पाईप पुरे" असे दुकानदार म्हणेल. झटक्याच्या वेळी मात्र तो साडेसातवर जाईल. पाईप असा एखादा झटका सोसतो, पण दिवसातून आठ-दहा वेळा वीज जाते-येते तेथे तोच मार रोज जोडांवर बसतो. अशा ठिकाणी सहा किलोचा पाईप घ्यावा. व्हॉल्व्ह सावकाश फिरवावा. लाईनच्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवावा. ऑटो स्टार्टर वापरणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण वीज आल्याबरोबर मोटर रिकाम्या लाईनमध्ये पूर्ण जोराने पाणी फेकते आणि आत कोंडलेली हवा वाट शोधते.

तिसरी गोष्ट उन्हाची. पीव्हीसी लोखंडापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. तापमानात २० अंशांचा फरक पडला तर १०० मीटर लाईनच्या लांबीत साधारण १४ सें.मी. चा फरक पडतो. दुपारी उघड्या चरात जोडलेली लाईन संध्याकाळी विहिरीच्या गार पाण्याने भरली की ती आकसू लागते आणि ओला, कच्चा जोड दोन्हीकडून ओढला जातो. माझ्या त्या दिवसाच्या कामाचा खरा घोटाळा हा होता. जोड सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावेत. पाईप चरात किंचित नागमोडी ठेवावा आणि पाईप थंड असतानाच माती लोटावी.

जोडणी करताना

पाईप काटकोनात कापावा. तिरका कापला तर तो एका बाजूने सॉकेटच्या तळाला टेकतो, दुसऱ्या बाजूने टेकत नाही. हॅकसॉने कापल्यावर राहिलेले बूर चाकूने काढून बाहेरची कड कानशीने थोडी उतरती करावी. ही उतरती कड नसली तर पाईपची धारदार कड सॉकेटमधले सोल्युशन खरवडून आत ढकलते आणि नेमका घट्ट बसणारा भाग कोरडा राहतो.

मग कोरडाच पाईप सॉकेटमध्ये घालून पाहावा. हाताने तो खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश इतका जाऊन अडकला पाहिजे. तयार सॉकेट आत थोडे निमुळते असते. घट्टपणा आतल्या निम्म्या भागात असतो. पाईप सहज तळापर्यंत गेला तर ते सॉकेट ढिले समजून बाजूला ठेवावे. सॉकेटची खोली मोजून पाईपवर पेन्सिलीने खूण करावी. ही खूण पुढे तपासणीला फार उपयोगी पडते.

दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसावेत. उन्हात बरेच दिवस पडलेल्या पाईपवर पांढुरका थर येतो. तो पॉलिश पेपरने घासून काढावा. सोल्युशनचा आधी सॉकेटमध्ये पातळ हात द्यावा, मग पाईपवर खुणेपर्यंत भरपूर आणि सगळीकडे सारखे लावावे. ब्रश पाईपच्या व्यासाच्या निम्म्या रुंदीचा असावा. ९० मि.मी. पाईपला दातांच्या ब्रशने सोल्युशन लावणारे मी पाहिले आहेत. दुसरी बाजू पुरी होईपर्यंत पहिली सुकलेली असते. दोघांनी मिळून लावले तर उत्तम. दोन्ही थर ओले असतानाच पाईप खुणेपर्यंत सरळ रेटावा, शक्य असल्यास चतकोर फिरवावा आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरावा. न धरल्यास निमुळत्या सॉकेटमधून पाईप आपोआप मागे सरकतो. हातोड्याने ठोकू नये. बाहेर आलेले सोल्युशन पुसून घ्यावे. तोंडाशी त्याची सबंध कडी दिसली पाहिजे.

सोल्युशन घट्ट होऊन गोळे झाले असतील तर डबा टाकून द्यावा. त्यात पेट्रोल किंवा थिनर मिसळू नये. त्याची वाफ पेट घेते, म्हणून जवळ बिडी-काडी नको. विहिरीत किंवा खोल खड्ड्यात काम करताना वारा खेळता नसेल तर चक्कर येते. अशा ठिकाणी एकट्याने उतरू नये.

पाचटाच्या जाळावर पाईप तापवून त्याचे सॉकेट करण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी चालते. त्यात पाईप एका अंगाला जास्त तापतो, भिंत तेथे पातळ होते आणि सॉकेट लंबगोल होते. करपलेला, तपकिरी पडलेला भाग ठिसूळ झालेला असतो. कपलरचे पैसे वाचतात हे खरे, पण त्या बचतीची किंमत नंतर चर उकरताना द्यावी लागते. शक्यतो कारखान्यात केलेले सॉकेट किंवा साचातील कपलर वापरावा.

जोड वरून पाहून कळत नाही

चिकटवलेल्या जोडाची सर्वांत मोठी अडचण ही, की बाहेरून तो नेहमी चांगलाच दिसतो. ही अडचण आपलीच नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाईन्सच्या बोईंग ७३७ विमानाचे पुढच्या भागाचे छत उडत्या विमानावरून फाटून गेले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. वैमानिकांनी विमान कसेबसे उतरवले म्हणून बाकीचे वाचले. त्या विमानाच्या पत्र्यांचे जोड चिकटवलेले होते आणि वर रिव्हेटही मारलेले होते. चिकट थर जागोजागी सुटला, सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला आणि तेथे बारीक भेगा वाढत गेल्या. देखभालीच्या तपासण्यांत हे वेळीच पकडले गेले नाही, असे चौकशीत ठरले. विमानाचे चिकटवलेले भाग नाण्यासारख्या वस्तूने ठोकून पाहण्याची पद्धत आहे. सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. ध्वनिलहरींची यंत्रेही असतात. पाईपवर यातले काही करता येत नाही, पण एक साधा उपाय आहे.

काम सुरू करण्यापूर्वी त्याच पाईपचा, त्याच सोल्युशनचा, त्याच माणसाच्या हातचा एक नमुना जोड करावा. दोन दिवस ठेवून तो हॅकसॉने लांबीच्या दिशेने तीन-चार पट्ट्यांत कापावा. पाईप आणि सॉकेट यांच्यामधल्या रेषेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटून पाहावे. चांगला जोड रेषेवर उघडत नाही. जोर केला तर प्लॅस्टिकच तुटते. उघडलाच तर आतला भाग निरखावा. जेथे मिसळण झाली तेथे पृष्ठभाग निस्तेज आणि फाटल्यासारखा दिसतो. जेथे पाईपची मूळची चमक शिल्लक आहे तेथे जोड झालेलाच नाही. आमचे सात जोड मी असेच कापून पाहिले. पाचांमध्ये पाईपच्या खालच्या अंगाला, चराच्या तळाकडे, तळहाताएवढा भाग जसाच्या तसा चमकत होता. ब्रश तेथे पोचलाच नव्हता.

पाण्याची चाचणी

शेवटचा जोड झाल्यावर निदान २४ तास जाऊ द्यावेत. थंडीत किंवा पावसाळी हवेत ४८ तास. पाईपच्या मधल्या भागावर माती टाकून तो दाबून ठेवावा, जोड मात्र उघडे ठेवावेत. शेवटचे टोक उघडे ठेवून व्हॉल्व्ह चतकोरच उघडावा आणि हवा पूर्ण निघून पाण्याची अखंड धार आल्यावर टोक बंद करावे. मग लाईनमध्ये प्रत्यक्ष येणाऱ्या जास्तीत जास्त दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने द्यावा आणि तासभर ठेवावा. सुरुवातीला पाईप ताणला गेल्याने काटा थोडा उतरतो. तेव्हा दाब पुन्हा पूर्ण करावा. नंतरही उतरत राहिला तर गळती शोधावी. प्रत्येक जोडाखालून कोरडा हात फिरवावा, विशेषतः पोटाकडून.

हातपंप नसेल तर मोटर चालू ठेवून शेवटचा व्हॉल्व्ह हळूहळू मिटत काही मिनिटे दाब देता येतो, पण दाबमापक लावल्याशिवाय हे करू नये. पाणबुडी मोटर बंद व्हॉल्व्हवर पाईपच्या किलोपेक्षा कितीतरी जास्त दाब देऊ शकते. कॉम्प्रेसरच्या हवेने चाचणी तर कधीच करू नये. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. जोड सुटला की पाईपचे तुकडे अंगावर येतात.

"थोडे झिरपते, चालायचेच" असे म्हणून चर बुजवणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब. एका जोडातून मिनिटाला दोन लिटर गळते आणि मोटर रोज आठ तास चालते असे धरा. दिवसाला ९६० लिटर आणि शंभर दिवसांत ९६ हजार लिटर पाणी गेले. एवढ्या पाण्यात १९ गुंठ्यांना पाच सें.मी. ची एक पूर्ण पाळी देता येते.

गळका जोड दुरुस्त करताना

गळणाऱ्या जोडावर बाहेरून सोल्युशन चोपडून चिंधी गुंडाळणे हा सर्वत्र आढळणारा आणि हमखास फसणारा उपाय. पाणी आतून दाब देते आणि बाहेरचा थर सोलून काढते. चिकट जोड ज्या ओढीला सर्वांत दुबळा, नेमकी तीच. जोड दोन्ही बाजूंनी कापून काढावा, नवा तुकडा आणि दोन कपलर घालावेत. लाईन उतरती असेल तर कापलेल्या टोकातून पाणी झिरपत राहते. ते पूर्ण थांबून पाईप आतून-बाहेरून कोरडा झाल्याशिवाय सोल्युशन लावू नये. पिकाला पाण्याची निकड असेल आणि तेवढा वेळ नसेल, तर रबरी वायसरचा, बोल्टने आवळण्याचा जॉइंट बसवून पाळी उरकावी आणि पक्का जोड सवडीने करावा.

चर बुजवण्यापूर्वी विहिरीपासून प्रत्येक एल्बो, टी आणि व्हॉल्व्हचे अंतर टेपने मोजून वहीत उतरवून ठेवावे आणि बांधावर त्या रेषेत रंगवलेला दगड रोवावा. आमच्या घरी ती वही आजही मोटरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. सात जोडांच्या अंतरासमोर तांबड्या पेन्सिलीने फुल्या आहेत, त्या वडिलांनी केलेल्या.